उंचीच्या दुरुस्तीची कुळकथा

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटर उंच. साधारण त्याच अक्षांशावरच्या हर्णै बंदरात बरोबर लावलेले लंबकाचे घड्याळ इथे आणून टांगले, तर न्यूटनच्या नियमाप्रमाणे ते दिवसाला 6 सेकंद मागे पडायला हवे. पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर वाढले की ओढ घटते आणि लंबक मंदावतो. (सराफाच्या तराजूला हे कळत नाही, दोन्ही पारड्यांवरची ओढ सारखीच घटते.) पण घड्याळ तेवढे मागे पडणार नाही. उंचीच्या दुरुस्तीचा जन्म या तफावतीत आहे, म्हणून तिचे जनकत्व मी न्यूटनला नव्हे, प्येर बुगेरला देतो.

यावर कोणी म्हणेल, 1687 मध्ये न्यूटनने चंद्राचा दाखला दिलाच होता: अंतर 60 त्रिज्या, ओढ 3600 पटींनी कमी, मग बुगेरने नवे काय केले? पण चंद्र कुठल्या पठारावर उभा नाही, आपण आहोत. 1735 मध्ये निघालेल्या फ्रेंच मोहिमेबरोबर आजच्या इक्वाडोरमध्ये गेलेल्या बुगेरने समुद्रकाठी, क्विटोत आणि पिचिंचा पर्वतावर लंबकाची चाल मोजली. क्विटोत ओढ घटली खरी, पण नियमाच्या हिशेबाइतकी नाही. पायाखालचा खडकही ओढत होता. 1749 च्या ग्रंथात त्याने उंचीचा आणि खडकाचा हिशेब वेगळा केला. सोलापूरखाली 450 मीटर बेसाल्ट धरला, तर गेलेल्या ओढीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग तो भरून काढतो. 6 सेकंदांचे जेमतेम 4 उरतात.

एवढासा फरक उन्हाळ्याचाच कशावरून नसेल? ही शंका रास्त आहे. पोलादी दांड्याचा लंबक तापमानाच्या दर अंशाला दिवसाकाठी अर्धा सेकंद मागे पडतो. सोलापूरचा मे महिना उंचीचा सगळा परिणाम सहज झाकून टाकील. म्हणूनच लंबकाशेजारी तापमापक टांगून तापमानाची दुरुस्ती आधी करावी लागते.

तरी हिशेब पुरता जुळत नाही. भारतीय सर्वेक्षणासाठी लंबक घेऊन लडाखच्या उंच पठारावर गेलेला बासेवी 1871 मध्ये तिथेच वारला. त्याच्या मोजणीत खडकाची भर धरल्यावर ओढ फारच कमी भरली, म्हणजे पर्वतांखालचा भाग हलका निघाला. दख्खनलाही एकजिनसी मानता येत नाही: 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला खोदलेल्या विंधनछिद्रात बेसाल्ट 338 मीटरवर संपला आणि त्याखाली त्याहून हलका, जुना खडक लागला.