संगणकाच्या दारांचे नामकरण

जुन्या वाड्याला दोन दारे असत. दिंडीदरवाजा रस्त्याकडे उघडे आणि परसदार मागच्या बोळात. पाहुण्याने कोणत्या दाराने यावे, मोटेवरच्या गड्याने कोणत्या दाराने यावे, रात्री प्रथम कोणत्या दाराला अडसर घालावा, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे. कारण दारांना नावे होती आणि दारे जागची हलत नव्हती. संगणकाच्या सृष्टीत ही साधी वाटणारी गोष्ट साधण्यासाठी चाळीस वर्षांहून अधिक काळ खटपट करावी लागली, आणि ती पूर्णपणे साधली असे आजही म्हणता येत नाही.

संगणकाच्या ज्या खोबणीत जाळ्याची केबल बसते तिला पोर्ट म्हणतात. घरगुती संगणकाला असा एक पोर्ट पुरतो. परंतु बँका, रुग्णालये, दूरध्वनी केंद्रे यांचे व्यवहार ज्यांवर चालतात त्या सर्व्हर यंत्रांना दोन, चार, आठ असे पोर्ट असतात, आणि ते एकाच कार्डावर नसून निरनिराळ्या नियंत्रक कार्डांवर विखुरलेले असतात. त्यांपैकी एक बाहेरच्या इंटरनेटकडे उघडतो, दुसरा आतल्या कार्यालयाकडे. पहाऱ्यावर बसविलेल्या फायरवॉल नावाच्या आज्ञावलीला सांगून ठेवलेले असते की, अमुक नावाच्या दाराने येईल त्यास अडव आणि तमुक नावाच्या दाराने येईल त्यास सोड. आता यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ही दोन नावेच परस्परांत बदलली तर काय होईल? पहारेकरी जागाच राहील, हुकूम अक्षरशः पाळील. मात्र अडसर परसदाराला पडेल आणि दिंडीदरवाजा सताड उघडा राहील. नामकरणाच्या या प्रश्नाला महत्त्व आले ते अशा धोक्यामुळे.

या कथेचा आरंभ अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे होतो. झेरॉक्स कंपनीच्या तेथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहून जवळजवळच्या संगणकांना जोडणाऱ्या जाळ्याची कल्पना मांडली आणि त्याला 'ईथरनेट' हे नाव दिले. प्रकाशाच्या लहरी ज्या माध्यमातून वाहतात असे एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञ मानीत, त्या कल्पित 'ईथर'वरून हे नाव आले. त्या पहिल्या जाळ्यात प्रत्येक यंत्राचा क्रमांक अवघ्या ८ बिटांचा होता. म्हणजे एका जाळ्यात फार तर २५६ क्रमांक. प्रयोगशाळेपुरते ते पुरेसे होते.

तथापि ईथरनेट बाजारात यायचे ठरले तेव्हा हे आकडे अपुरे पडणार, हे उघड झाले. डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी ३० सप्टेंबर १९८० रोजी जे संयुक्त मानक प्रसिद्ध केले, त्यात क्रमांक ४८ बिटांचा करण्यात आला. या निर्णयामागील विचार योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ सालच्या आपल्या निबंधात मांडला. दलाल हे मुंबईच्या पवई येथील आय. आय. टी.चे पदवीधर, तेथून स्टॅनफर्डला जाऊन त्यांनी डॉक्टरेट मिळविली होती. क्रमांक कारखान्यातच द्यावा, तो जगात अन्य कोणाचाही नसावा, आणि यंत्र या जाळ्यातून त्या जाळ्यात गेले तरी तो बदलू नये, असे हे तत्त्व होते. ४८ बिटांत २८१ लाख कोटींहून अधिक क्रमांक मावतात. पुढे त्यांच्या वाटपाचे काम अमेरिकेतील विद्युत् अभियंत्यांच्या 'आय-ट्रिपल-ई' या संस्थेकडे गेले. क्रमांकाचे पहिले २४ बिट उत्पादकाचे आणि उरलेले २४ बिट त्याने बनविलेल्या वस्तूचे, अशी विभागणी रूढ झाली.

येथेच एक सूक्ष्म प्रश्न उभा राहिला. हा क्रमांक नेमका कोणाचा? संपूर्ण यंत्राचा, की त्याच्या एकेका पोर्टाचा? झेरॉक्सच्या रचनेत तो यंत्राचा मानला होता. एकाच यंत्राला दोन जाळी जोडली तरी दोहोंकडे त्याचा क्रमांक एकच. सन कंपनीच्या वर्कस्टेशनांतही दीर्घकाळ हीच रीत होती. पण त्याच यंत्राचे दोन पोर्ट एकाच जाळ्यात जोडले की दोन्ही दारांवर एकच पाटी दिसे आणि पत्र कोणत्या दारी टाकावे हे जाळ्याला उमगत नसे. अखेर क्रमांक पोर्टाचा, हीच समजूत स्थिरावली. साठवणुकीच्या यंत्रांसाठी निघालेल्या फायबर चॅनेल या पद्धतीने हा प्रश्न अधिक नेटका सोडविला. १९९४ च्या तिच्या मानकात यंत्रघटकाचे नाव निराळे आणि पोर्टाचे नाव निराळे. दोन्ही ६४ बिटांची.

अर्थात् ही झाली जाळ्याला दिसणारी नावे. यंत्राच्या पोटात, व्यवस्थापकाने आज्ञा देताना उच्चारायचे नाव वेगळेच असते. बर्कली विद्यापीठाने १९८३ साली युनिक्सची जी आवृत्ती काढली, तिच्यात हे नाव कार्डाच्या जातीवरून पडे. थ्री-कॉमचे कार्ड असेल तर 'ईसी-०', इंटरलॅनचे असेल तर 'आयएल-०'. त्याच जातीचे दुसरे कार्ड आले की शून्याच्या जागी एक. १९९१ मध्ये जन्मलेल्या लिनक्सने जातिभेद मोडला आणि सर्व ईथरनेट कार्डांना एकच आडनाव दिले: 'ईथ'. जे प्रथम सापडेल ते 'ईथ-०', त्यानंतरचे 'ईथ-१'. ज्या पंगतीत पानावर बसण्याचा क्रम हेच माणसाचे नाव ठरावे, तशी ही व्यवस्था होती.

आरंभी तिच्यात काही वावगे वाटले नाही. त्या काळचे लिनक्स आपण होऊन एकच कार्ड शोधी. दुसरे हवे असेल तर यंत्र सुरू करतानाच तसे लिहून द्यावे लागे, कारण उगाच चाचपडत गेल्यास काही कार्डे यंत्रालाच ठप्प करीत. पण लवकरच एकापेक्षा अधिक पोर्ट ही नित्याची गोष्ट झाली. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात टॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी सामान्य सुटे भाग जुळवून १६ संगणकांचा 'बेओवुल्फ' समूह उभारला. वेग वाढविण्यासाठी त्यांनी प्रत्येक संगणकाला ईथरनेटचे दोन मार्ग समांतर जोडले होते.

क्रमावर आधारलेल्या नावांचा दोष पुढे प्रत्ययास आला. यंत्रातील कार्डे शोधण्याचा मार्ग झाडासारखा असतो. खोडापासून फांद्या फुटतात. प्रत्येक फांदीच्या टोकापर्यंत जाऊन मग दुसरी फांदी घ्यावी, की आधी सगळ्या जवळच्या फांद्या पाहून मग दूर जावे, या निवडीवर कोण प्रथम सापडणार हे अवलंबून राहते. लिनक्सची २.४ ही मालिका एका क्रमाने शोधी. डिसेंबर २००३ मध्ये आलेली २.६ ही मालिका दुसऱ्या क्रमाने शोधू लागली. परिणाम असा की, २००६ साली डेल कंपनीच्या नव्या सर्व्हरांवर, पेटीच्या पाठीवर ज्या पोर्टाखाली १ छापले होते तो 'ईथ-१' झाला आणि २ छापलेला 'ईथ-०' झाला. जुन्या प्रणालीखाली हेच उलट, म्हणजे अपेक्षेप्रमाणे दिसत होते. जुना क्रम परत आणण्यासाठी लिनक्सच्या गाभ्यात एक खास पर्याय घालावा लागला. शिवाय कार्डे एकामागून एक न शोधता एकाच वेळी शोधण्याची प्रथा वाढत गेली, तेव्हा शर्यतीत कोण पुढे येईल याचा भरवसा उरला नाही.

यावर पहिला तोडगा निघाला तो जन्मक्रमांकाचा. कार्डाचा ४८ बिटांचा क्रमांक आणि त्याला एकदा मिळालेले नाव यांची नोंदवही यंत्राने ठेवायची, आणि पुढील प्रत्येक वेळी तेच नाव द्यायचे. 'यूडेव्ह' नावाच्या आज्ञावलीने ही नोंदवही सांभाळली. तोडगा चांगला होता. पण बिघडलेले कार्ड काढून त्याच जागी नवे बसविले की नोंदवही म्हणे, हा कोणी परका आहे. 'ईथ-०' हे नाव तर दुसऱ्याचे. नवागतास 'ईथ-१' हे नाव मिळे आणि 'ईथ-०'साठी लिहिलेली सारी व्यवस्था निकामी होई. आभासी यंत्रांची नक्कल काढतानाही हाच घोटाळा होई, कारण प्रत्येक नकलेचा क्रमांक नवा असे.

मग विचार स्थानाकडे वळला. पोर्ट कोण आहे हे विचारू नये, तो कोठे आहे हे विचारावे. डेलच्या अभियंत्यांनी यंत्राच्या मूळ आज्ञावलीत कारखान्याने लिहून ठेवलेली माहिती वाचून नावे देणारे साधन तयार केले. मे २०११ मध्ये फेडोराच्या १५ व्या आवृत्तीत ते आले. मुख्य पाटीवरचा पहिला पोर्ट 'ईएम१', तिसऱ्या खाचेतील कार्डाचा पहिला पोर्ट 'पी३पी१'. जानेवारी २०१३ मध्ये 'सिस्टमडी'च्या १९७ व्या आवृत्तीने ही कल्पना व्यापक केली. कारखान्याने दिलेला क्रमांक असेल तर 'ईएनओ१', खाचेचा क्रमांक असेल तर 'ईएनएस१', तोही नसेल तर मार्गिकेवरील पत्ता सांगणारे 'ईएनपी३एस०', म्हणजे तिसरी मार्गिका, शून्यावे स्थान.

स्थाननामाचेही दोन दोष दिसून आले. पहिला असा की, मार्गिकेचे क्रमांक यंत्र सुरू होताना मोजून दिले जातात. शेजारच्या खाचेत एखादे नवे कार्ड बसविले की मोजणी सरकते आणि जागचे न हललेले 'ईएनपी३एस०' एकाएकी 'ईएनपी४एस०' होते. दुसरा दोष काही दुहेरी कार्डांत आढळला. दोन पोर्ट, पण मार्गिकेवरचा पत्ता एकच; म्हणजे एका घरक्रमांकाची दोन बिऱ्हाडे. त्यांचा भेद दाखविण्यासाठी २०१४ साली लिनक्सच्या ३.१५ या आवृत्तीत पोर्टाचा स्वतंत्र क्रमांक नोंदण्याची सोय करावी लागली.

या सर्व प्रयत्नांतून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक नाव हे कशाच्या तरी स्थैर्यावर उभे असते. क्रमाचे नाव शोधाचा क्रम टिकेल या विश्वासावर, जन्माचे नाव वस्तू तीच राहील या विश्वासावर, आणि स्थानाचे नाव जागा तीच राहील या विश्वासावर. ज्याचा विश्वास ढळतो त्याचे नाव फसते. मराठी माणसाला हे नवे वाटू नये. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे पिढ्यान् पिढ्या नांदलेल्या कित्येक कुटुंबांच्या आडनावात अजूनही दूरच्या कोकणातील वा देशावरील गावाचे नाव आहे. ते कोठून आले हे आडनाव सांगते. ते कोठे राहतात हे सांगत नाही. म्हणून पत्रावर आडनावाखाली पेठ आणि घरक्रमांकही लिहावा लागतो.

लिनक्सही अखेर याच शहाणपणाकडे आले. पोर्टाच्या नावाला पूर्वीपासून १५ अक्षरांची मर्यादा होती. 'ईएनएक्स' या खुणेची तीन रोमन अक्षरे व पुढे जन्मक्रमांकाची बारा, असे नाव लिहिले की ती काठोकाठ भरे. जानेवारी २०२० मधील ५.५ या आवृत्तीने एका पोर्टाला मुख्य नावाखेरीज आणखी, आणि लांबलचक, पर्यायी नावे धारण करण्याची मुभा दिली. जन्माचे नाव, जागेचे नाव आणि व्यवस्थापकाने कामावरून ठेवलेले नाव, ही सारी आता एकत्र नांदू शकतात.

एवढे होऊनही यंत्रापुढे उभ्या असलेल्या तंत्रज्ञाच्या मनात शंका उरतेच की, पडद्यावरचे हे नाव नेमके कोणत्या खोबणीचे? त्यासाठी लिनक्समध्ये एक जुनी आज्ञा आहे. नाव सांगून ती दिली की त्या पोर्टाशेजारचा चिमुकला दिवा लुकलुकू लागतो. जेथे दिवा दिसेल तेथे बोट ठेवावे, पाटीवर नाव लिहावे, आणि मगच केबलला हात घालावा. नावांच्या शास्त्राने कितीही मजल मारली तरी हा शेवटचा पडताळा माणसाच्या डोळ्यांनीच घ्यावयाचा असतो.