एका कुंडीसाठी एकरभर शेत

बुडबुडा म्हटला की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे २००० सालचा डॉट-कॉम आणि दुसरा हॉलंडमधला १६३७ चा ट्युलिपचा. पण मंडळी, जपानमधला एक किस्सा या दोघांच्या पंक्तीत आरामात बसेल. त्यातला हिरो आहे वीतभर उंचीचं एक झुडूप!

ऐन थंडीत बाकीची झाडं सुस्तावलेली असताना लालभडक फळं मिरवणारी काही झुडपं जपानमध्ये आहेत. नवीन वर्षाच्या सजावटीत त्यांना खास मान. नावंही कशी, तर 'र्‍यो' या जुन्या सोन्याच्या नाण्यावरून! मानर्‍यो म्हणजे दहा हजार नाणी, सेनर्‍यो म्हणजे हजार. पुढे शंभरवालं आणि दहावालंही आहे. सेनर्‍योची फळं पानांच्या वर असतात, मानर्‍योची पानांखाली लटकतात. सावलीत तग धरतात, त्यामुळे कुंडीत लावायला एकदम सोयीची.

पण गंमत म्हणजे लोक वेडे झाले ते फळांपायी नाही, पानांपायी. एदो काळात पांढर्‍या कडांची, ठिपक्यांची, चुरगळलेली पानं म्हणजे प्रतिष्ठा. १८२९ साली मिझुनो नावाच्या लेखकाने फक्त अशा रंगीबेरंगी पानांच्या झाडांवर 'सोमोकु किन्योशू' हा सचित्र ग्रंथच काढला.

यातलं 'दहा नाण्यां'चं झुडूप म्हणजे याबुकोजी. मेजी काळात निइगाता प्रांतात त्याच्या वेगळ्या पानांच्या जातींचे भाव असे काही चढले की एका झाडाच्या बदल्यात चार तान, म्हणजे जवळपास एकरभर भातशेती दिल्याची नोंद आहे. शेवटी १८९८ मध्ये तिथल्या गव्हर्नरने नियम काढून ही खरेदी-विक्रीच बंद केली.

आता आपल्या भाषेत बोलायचं तर ही सप्लायची भानगड. पानावर पांढरा भाग जास्त म्हणजे हरितद्रव्य कमी, म्हणजे वाढ संथ. बी पेरलं तर तेच पान येईल याची खात्री नाही. कॉपी हवी तर फांदी लावा नाहीतर मुळाशी फुटलेला कोंब वेगळा करा, आणि वाट बघा. माल हळूहळू येणार, गिर्‍हाईक मात्र आजच दारात! भाव चढणारच. पण हळू का होईना, कॉपी होतेच. म्हणजे दुर्मिळपणाला मुदत असते, आणि ती मुदत संपताना झाड ज्याच्या हातात, तो गेला. शेत दरवर्षी भात देतं. पान फक्त पुढचा गिर्‍हाईक देतं, तोही मिळाला तर.

मानर्‍योची गोष्ट नेमकी उलटी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी ते अमेरिकेत फ्लोरिडाला नेलं. तिथे ते बागांमधून निसटलं आणि जंगलांत इतकं माजलं की आज लोक ते उपटून काढतात. नाव दहा हजार मोहरांचं, भाव तणाचा!

असो. साधं, हिरव्या पानांचं, लाल फळांचं याबुकोजी मात्र या सगळ्या धामधुमीतून सुखरूप सुटलं. जपानमध्ये आजही नवीन वर्षाला ते कुंडीत दिसतं. त्याच्यासाठी कुणाला शेत विकावं लागत नाही.