छावणीतली पाण्याची टाकी कोणाची?



'आपत्ती जात बघत नाही' हे वाक्य प्रत्येक पुरानंतर, प्रत्येक भूकंपानंतर आपल्याला ऐकवले जाते. लाट जात बघत नसेलही. पण लाट ओसरल्यावर जी छावणी उभी राहते ती माणसे उभी करतात, आणि माणसे आपले गाव डोक्यात घेऊनच छावणीत शिरतात. बालहक्कांवर बोलणारे बरेच जण नेमके हेच विसरतात. त्यांच्या लेखी छावणीतले मूल म्हणजे नुसते मूल, त्याला ना वस्ती ना आडनाव. आम्हाला हे मान्य नाही.

26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी घ्या. तमिळनाडूतल्या एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात 6 हजारांहून अधिक माणसे गेली. अनाथ झालेल्या मुलांसाठी राज्य सरकारने नागपट्टिनम, कडलूर आणि कन्याकुमारी इथे खास बालगृहे काढली. मुलांची तस्करी होईल या भीतीने परस्पर दत्तक देणेही थांबवले. हे काम चांगले झाले, त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या दलित मुलांचे आईबाप जिवंत होते त्यांचे काय झाले?

काही छावण्यांतून दलित कुटुंबांना हुसकावून लावले गेले. युनिसेफने, म्हणजे मुलांसाठीच काम करणाऱ्या जागतिक संस्थेने, बसवलेल्या टाक्यांवर दलितांना पाणी पिऊ दिले जात नव्हते. कारण काय, तर पाणी बाटते! जानेवारी 2005 मध्ये या बातम्या जगभर गेल्या. त्याच दिवसांत ढिगाऱ्यातली कुजलेली प्रेते उचलायला मात्र दुसऱ्या शहरांतून दलित सफाई कामगारच आणले होते. प्रेताला लागलेला हात चालतो, टाकीच्या तोटीला लागलेला चालत नाही.

अडवणारे कोण होते, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. ते बहुतेक मच्छिमार समाजाचे होते. हा समाज तिथे अतिमागास गणला जातो आणि लाटेत सर्वाधिक माणसेही त्यांचीच गेली होती. स्वतःचे लेकरू गमावलेला माणूस दुसऱ्याच्या लेकराला पाणी नाकारतो. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती हीच. मदतही बऱ्याच ठिकाणी मच्छिमारांच्या गावपंचायतींमार्फत वाटली गेली. मासळी वाहणारे, खारावलेल्या शेतात राबणारे दलित मजूर 'बाधित' ठरेनात. ज्यांची नाव बुडाली नव्हती त्यांचे नाव यादीत आले नाही, आणि यादीत बाप नसेल तर मुलाचे दूध, वह्या, कपडे कुठून येणार?

हे नवे नाही. 1901 साली बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि भाचा वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाले. रामजीबाबा तेव्हा सरकारने दुष्काळग्रस्तांना रोजगार देण्यासाठी काढलेल्या तलावाच्या कामावर खजिनदार होते. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि दुप्पट भाडे देऊनही बैलगाडी मुलांनाच हाकावी लागली. रात्री टोलनाक्यावर आसरा घेतला. शिदोरी भरपूर होती, पाणी नव्हते, म्हणून ती लेकरे उपाशी झोपली. वडील लोकांसाठी तलाव खोदून घेत होते आणि त्यांचीच मुले घोटभर पाण्यासाठी तडफडत होती. नागपट्टिनमची टाकी आणि मसूरची वाट यांत 100 वर्षांहून अधिक अंतर आहे. मध्ये महाडचा सत्याग्रह झाला, संविधान आले, अस्पृश्यता नष्ट करणारे कलम 17 आले.

सरकारी खाक्याही तपासा. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर 52 गावे नव्याने वसवली. घराचा आकार कशावर ठरला? जमिनीवर. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, सात हेक्टरच्या वरच्याला 750. घरात मुले किती, हे कोणी विचारले नाही. मराठवाड्यात भूमिहीन कोण, हे आम्ही सांगायला नको.

त्सुनामीनंतर वर्षभरातच आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 झाला. त्याच्या कलम 12 मध्ये निवारा, अन्न, पाणी यांचे किमान निकष आणि विधवा-अनाथांसाठी खास तरतूद करायला सांगितले आहे. कलम 61 मदतीत जातीवरून भेदभाव करण्यास मनाई करते. पण गंमत पाहा: खोटा दावा करून मदत मागितली तर कलम 52 खाली दोन वर्षांपर्यंत कैद, आणि जात बघून मदत नाकारली तर कलम 61 मध्ये शिक्षेचा एक शब्द नाही. राज्यकर्त्यांना लबाड गरीब दिसतो, जातीयवादी वाटप करणारा दिसत नाही.

म्हणून कृष्णा-पंचगंगेला पुन्हा 2019 किंवा 2021 सारखा पूर येईल आणि शाळांचे निवारे होतील, तेव्हा बिस्किटांचे पुडे घेऊन जाणाऱ्या आपल्या पोरांनी थोडे थांबून बघावे. टाकीवर आधी कोण भरते? बौद्ध, मातंग, पारधी मुले पंगतीत कुठे बसतात? बाल न्याय कायदा, 2015 प्रमाणे नैसर्गिक आपत्तीची झळ बसलेले मूल 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' ठरू शकते, त्यासाठी अनाथच असावे लागत नाही. तेव्हा बाल कल्याण समितीकडे लेखी अर्ज द्या. आणि कोणी पाणी अडवलेच तर तहसीलदारासमोर हात जोडत बसू नका. 26 जानेवारी 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला तलाव, टाकी, नळ वापरू न देणे हा ॲट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा आहे. छावणीतल्या टाकीलाही तो लागू होतो. थेट पोलीस ठाण्यात जा, एफआयआर नोंदवा आणि तिची प्रत घेऊनच बाहेर पडा.