हरवलेला हातोडा

गुप्तधनाची एखादी गोष्ट नाही असे जुने गाव आपल्याकडे विरळाच. पडक्या वाड्याच्या तळघरात मोहरांचा हंडा आहे, त्यावर नाग बसला आहे, आणि पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की तो हंडा त्याला दिसतो, हे आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेले असते. विसाव्या शतकाने हे अंजन खरोखरच तयार केले. काठीच्या एका टोकाला ताटलीएवढे तारेचे वेटोळे, दुसऱ्या टोकाला मूठ, आणि कानांवर आवाज ऐकण्याचे साधन; मेटल डिटेक्टर म्हणतात तो हाच. त्याने जमिनीतला धातू कळतो यात शंका नाही. प्रश्न एवढाच की, धातू कळला म्हणजे इतिहास कळला काय?

यंत्राचा जन्म धनलोभातून झालेला नाही. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडल्या गेल्या आणि एक गोळी शरीरातच राहिली. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने ती हुडकण्यासाठी तारांच्या वेटोळ्यांचे एक विद्युत्-उपकरण सिद्ध केले. उपकरण चांगले होते. पण रोग्याच्या गादीत पोलादी तारा होत्या, आणि गोळी उजव्या बाजूसच आहे या समजाने डॉक्टरांनी बेलला तेवढीच बाजू तपासू दिली. १९ सप्टेंबरला गारफील्ड वारले. गोळी शवविच्छेदनात निघाली, ती डाव्या बाजूस! यंत्र बोलते, पण त्याचे बोलणे समजण्यास शहाणपण लागते, हा धडा पहिल्याच प्रयोगाने घालून दिला.

पुढे जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या गेरहार्ट फिशरला विमानांच्या दिशादर्शक रेडिओवर काम करताना असे आढळले की, आसपास धातू अगर खनिज असले म्हणजे यंत्र दिशा चुकते. त्या दोषाचाच त्याने गुण केला आणि १९३७ साली धातुशोधक यंत्राचे पेटंट मिळवले. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचा लेफ्टनंट युझेफ कोसात्स्की याने ब्रिटनमध्ये सुरुंग शोधणारे यंत्र रचले. १९४२ च्या ऑक्टोबरात अल अलामीनच्या वाळवंटात अशी ५०० यंत्रे सैन्याच्या कामी आली. युद्ध संपल्यावर हेच तंत्र हलके व स्वस्त होत होत हौशी माणसांच्या हाती पडले.

यंत्राचे मर्म असे. वेटोळ्यातून सतत बदलणारा प्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते जमिनीतल्या धातूत बारीक प्रवाह उठवते. त्या प्रवाहांचे क्षेत्र उलट परतते आणि दुसरे वेटोळे ते टिपते. पण जमीनही गप्प बसत नाही. तिच्यातले लोहकण आपला सूर लावतात. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकापासून झालेल्या मातीत तर ते विशेषच. म्हणून धातू नसलेल्या जागी वेटोळे खालीवर करून, मातीचा आवाज नाहीसा होईपर्यंत यंत्राचा जमिनीशी मेळ घालावा लागतो. मग संवेदनेची खुंटी. नवशिका ती शेवटपर्यंत पिळतो आणि यंत्राची निव्वळ बडबड ऐकत बसतो; जाणता ती थोडी मागे घेतो. लोखंड व कचरा वगळण्याचीही सोय असते. परंतु चांदीच्या वर्खासारखा दिसणारा ॲल्युमिनियमचा कागद आणि सोन्याची पातळ अंगठी यांचा आवाज जवळजवळ सारखाच येतो. कागद गप्प केला की अंगठीही गप्प! चालायचे सावकाश, वेटोळे जमिनीला समांतर ठेवून. हेलकाव्याच्या टोकाला ते वर उचलायचे नाही, आणि प्रत्येक हेलकावा मागच्याच्या अर्ध्यावर आला पाहिजे. एवढे करून एखादे नाणे कळते ते वीतभर, फार तर थोडे अधिक खोल.

येथवर यंत्राचे काम, पुढचे माणसाचे. नांगर जेवढा खोल जातो तेवढ्या थरातील वस्तू आधीच विस्कटलेली असते. तिची नेमकी जागा टिपून ती उचलली तर फारसे बिघडत नाही. पण त्याखालची माती कोणी हलवलेली नसते. कोणती वस्तू कशाशेजारी, कशावर, कशात होती, हे तेथे लिहून ठेवल्यासारखे असते. आणि कुदळीने पुसले की ते पुन्हा लिहिता येत नाही.

इंग्लंडात सफोक परगण्यातील हॉक्सन गावी १९९२ साली एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याचा मित्र एरिक लॉज याला सेवानिवृत्तीची भेट म्हणून असे यंत्र मिळाले होते. १६ नोव्हेंबरला तो हातोडा शोधायला निघाला, आणि यंत्र बोलले. नाणी आली, चांदीचे चमचे आले. दोन पिशव्या भरल्यावर लॉजने त्या दिवशीचे सर्वांत मोठे काम केले: तो खणायचा थांबला. जमीनमालकांना आणि पोलिसांना कळवले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी येऊन उरलेला ठेवा थराथराने उचलला. लाकूड कुजून गेले होते, तरी ओकची पेटी केवढी होती, आत लहान डबे कोठे होते, कोणती भांडी एकात एक रचली होती, हे सारे कळले. चौदा हजार आठशेंवर नाणी, सुमारे दोनशे दागिने व भांडी, आणि पेटीतल्या डब्यांची इवलीशी रुपेरी कुलुपे! एका सुवर्णकंकणावर युलियाने या स्त्रीसाठी शुभेच्छा कोरलेली आहे. सर्वांत अलीकडची नाणी इसवी सन ४०७-४०८ ची, म्हणजे रोमन सत्ता ब्रिटनमधून उठत होती त्या सुमाराची. कोणा श्रीमंत घराने जपून, निगुतीने पेटी भरली. पण ती न्यायला परत कोणी आले नाही. सुमारे साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस लॉजने त्या शेतकरी मित्राबरोबर वाटून घेतले.

याच्या उलट गोष्ट हेरफर्डशरची. २०१५ साली दोघा हौशी शोधकांना व्हायकिंग काळातला ठेवा सापडला. त्यांनी मालकाला सांगितले नाही, सरकारला कळवले नाही. परस्पर विकायला काढला. फोनमधून पुसलेली छायाचित्रे परत मिळवली तेव्हा नाणी तीनशेच्या घरात असावीत असे दिसले. हाती लागली तीसेक. त्यांतल्या काहींवर वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ शेजारी शेजारी बसले आहेत. आल्फ्रेडच्या बाजूच्या बखरीने ज्याला मूर्ख म्हणून उडवून लावले, तो त्याचा बरोबरीचा मित्र होता, अशी साक्ष ही नाणी देतात. उरलेल्या नाण्यांची साक्ष कोण जाणे कोणाच्या कपाटात कोंडली आहे. २०१९ साली दोघे तुरुंगात गेले, पण त्याने तो ठेवा पुन्हा एकत्र आला नाही.

आपल्या नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक रुपेरी नाणी निघाली, तीही कोणत्याही यंत्रावाचून. नाणी क्षत्रप नहपानाची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला होता. एक राज्य बुडाले आणि दुसऱ्याने त्याचेच चलन आपल्या नावाने चालवले, हे त्या ढिगाने सांगितले. एखादे सुटे नाणे एवढे सांगू शकले नसते. आणि सोनाराच्या मुशीत गेलेले तर काहीच नाही.

आपल्याकडे १८७८ चा निखात-निधीचा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे काहीही जमिनीत सापडले तर कलेक्टरला कळवले पाहिजे, असे तो सांगतो. विहीर खणताना, पाया काढताना कोणाची कुदळ हंड्यावर आदळली, तर त्याने एवढेच करावे: हात थांबवावा, जागा झाकावी आणि कळवावे. हॉक्सनचा तो हातोडाही अखेर सापडला. आज तो ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.