कोमिल्ल्याहून भंडाऱ्यास : ‘सचिन’ या नावाची कुळकथा

भंडारा जिल्ह्यातील एखाद्या जुन्या प्राथमिक शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर उघडावे आणि त्यातील ‘विद्यार्थ्याचे नाव’ हा रकाना वरून खाली वाचत जावे, म्हणजे ज्यांची वंशावळ कोणत्याही बखरीत वा सनदेत नोंदली गेली नाही, अशा हजारो कुटुंबांच्या श्रद्धेचा, ऋतुमानाचा आणि आवडीनिवडीचा इतिहास डोळ्यांपुढून सरकू लागतो. जुन्या पानांवर वार आणि महिने नांदतात : मंगळवारी जन्मला तो मंगरू, शुक्रवारचा तो सुकरू, शनिवारचा सनिराम, फाल्गुनातला फागू, श्रावणातला श्रावण. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या भागातील ज्या झाडीबोलीचा अभ्यास आयुष्यभर निष्ठेने केला, तिचे उच्चारधर्मही या नावांत स्पष्ट दिसतात. ‘ळ’चा ‘र’ होतो म्हणून मंगळ मंगरू झाला आणि ‘श’चा ‘स’ होतो म्हणून शनी सनिराम झाला. याहून जुना पुरावा हवा असेल तर मालगुजारीच्या काळातील, जन्म-मृत्यूंची नोंद ठेवणारी कोतवाल बही पाहावी. तीत पुष्कळदा बाळाचे नावही नसते, ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढ्यावरच सरकारी काम भागत असे.

याच रजिस्टरांच्या अलीकडच्या पानांवर एक नाव येते आणि मग येतच राहते : सचिन. हा ना वार, ना महिना. ना गावदेवतेचे नाव, ना आज्याचे. या मातीत ज्याची कोणतीही जुनी पाळेमुळे नाहीत असे हे नाव घराघरांत कसे रुजले, याची कथा मला एखाद्या राजघराण्याच्या वंशवृत्तांताइतकीच मोलाची वाटते.

मूळ शब्द आहे शचीन्द्र; शची म्हणजे इंद्राणी, आणि तिचा पती तो शचीन्द्र. रवीन्द्र, सतीन्द्र अशा ‘इन्द्र’ान्त नावांची हौस बंगालइतकी अन्य कोणत्याही प्रांताने केली नसेल, आणि शची या नावाविषयी तर तेथे निराळाच जिव्हाळा आहे, कारण चैतन्य महाप्रभूंच्या मातेचे नाव शचीदेवी होते आणि वैष्णव भक्त त्यांना शचीनंदन म्हणत आले आहेत. ‘बंदी जीवन’ लिहिणारे क्रांतिकारक शचीन्द्रनाथ सान्याल हे त्याच नाममालेतील एक तेजस्वी मणी. शचीन्द्राचे घरगुती, आटोपशीर रूप म्हणजे शचीन, आणि बंगाली जिव्हेवर त्याचा उच्चार होतो ‘शोचिन’. (सुरतेजवळ जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्याच्या एका शाखेने १७९१ मध्ये स्थापिलेल्या सचिन संस्थानाशी या नावाचे काहीही नाते नाही, साम्य केवळ अक्षरांचे आहे.)

त्रिपुराच्या राजकुळातील नवद्वीपचंद्र देववर्मन यांच्या पोटी १ ऑक्टोबर १९०६ रोजी कोमिल्ला येथे जन्मलेल्या पुत्रास हे नाव मिळाले नसते, तर ते पूर्व भारताची वेस ओलांडून आपल्याकडे आले असते का, याची मला शंका आहे. नावाड्यांची भाटियाली आणि बाउलांची गाणी कानांत साठवून हा राजकुमार १९४४ मध्ये कलकत्त्याहून मुंबईस आला, आणि ‘बाजी’, ‘टॅक्सी ड्रायव्हर’, ‘गाइड’ अशा चित्रपटांना संगीत देत देत सचिन देव बर्मन या नावाने हिंदुस्थानभर ओळखला जाऊ लागला. हिंदीत बंगाली ‘श’ गळून त्याजागी ‘स’ आला. व्युत्पत्तीचे अभिमानी यास अपभ्रंश म्हणतील, आणि कोणी त्याला सत्-चित् यांची प्रतिष्ठा देऊन पावन करू पाहतील. मला मात्र तो अपभ्रंशही वाटत नाही आणि सत्-चित्‌चा उपचारही अनावश्यक वाटतो, कारण झाडीच्या मुलखात शनीचा सनिराम ज्या नियमाने होतो त्याच नियमाने शचीनचा सचिन झाला असता. हे नाव येथे पोचण्यापूर्वीच येथील जिभेच्या मापाने बेतले गेले होते.

मुंबई-हावडा लोहमार्ग भंडारा रोड आणि तुमसर रोड या स्थानकांवरून याच जिल्ह्यातून जातो. तरी बंगालचे हे नाव थेट पूर्वेकडून आले नाही, ते मुंबईस वळसा घालून पश्चिमेकडून आले, चित्रपटांच्या आणि नभोवाणीच्या वाटेने. मात्र संगीतकाराचे नाव ओठांवर असणे निराळे आणि ते पोटच्या मुलास देणे निराळे. हे दुसरे कार्य एका बालनटाने सुकर केले. १७ ऑगस्ट १९५७ रोजी जन्मलेला सचिन पिळगांवकर राजा परांजपे यांच्या ‘हा माझा मार्ग एकला’ या १९६३ च्या चित्रपटात पडद्यावर आला, तो आडनावावाचून, केवळ सचिन म्हणून. पुढे १९६७ च्या ‘ज्युएल थीफ’मध्ये नायिकेच्या धाकट्या भावाची भूमिका त्याने केली, आणि त्या चित्रपटाचे संगीतकार होते सचिन देव बर्मन, म्हणजे नावाचा बंगाली धनी आणि मराठी धनी एकाच चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नांदले. हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो. ‘गीत गाता चल’ (१९७५), ‘अष्टविनायक’ (१९७९) आणि ‘नदिया के पार’ (१९८२) या चित्रपटांनी तर हे नाव सालस, हसतमुख, घरातल्या मुलासारख्या तरुणाचे नाव म्हणून खेड्यापाड्यांत रूढ केले.

दरम्यान २४ एप्रिल १९७३ रोजी मुंबईत तिसरा सचिन जन्मला होता. कीर्ती महाविद्यालयात मराठीचे अध्यापन करणारे कवी रमेश तेंडुलकर हे बर्मनांच्या संगीतावर लुब्ध होते, आणि त्यांनी आपल्या धाकट्या मुलास आपल्या आवडत्या संगीतकाराचे नाव दिले. त्याच वर्षी ‘अभिमान’ प्रदर्शित झाला आणि बर्मनांची प्रतिभा वार्धक्यातही अम्लान असल्याची ग्वाही मिळाली. कुलदैवत, पूर्वज आणि जन्मनक्षत्र यांना बाजूस सारून एका कलावंताच्या ऋणापोटी नाव ठेवण्याची ही रीत आपल्या सुशिक्षित घरांत त्या दशकात मूळ धरीत होती. सुनील गावस्करांनीही आपल्या मुलाचे नाव वेस्ट इंडीजचे फलंदाज रोहन कन्हाय यांच्यावरूनच रोहन ठेवले. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी बर्मन निवर्तले तेव्हा त्यांचा हा नामधारक अडीच वर्षांचा होता.

यानंतरची हकिगत सर्वांस ठाऊक आहे. नोव्हेंबर १९८९ मध्ये कराचीस पहिला कसोटी सामना, पुढे २०० कसोटी सामने, आणि २०१४ मध्ये भारतरत्न. परंतु दाखल-खारीज रजिस्टर वाचणाऱ्यास त्या धावांहून एक निराळी गोष्ट अधिक मोलाची वाटेल. नावाच्या रकान्याशेजारी जन्मतारखेचा रकाना असतो, आणि त्यावरून हा सचिन कोणत्या सचिनाचा, हे बहुधा ओळखता येते : १९७० आणि ८० च्या दशकांतला असेल तर तो पडद्यावरील नायकाचा, १९८९ नंतरचा असेल तर फलंदाजाचा. अक्षरे तीच, हस्ताक्षर कदाचित एकाच गुरुजींचे, पण कूळ निराळे. क्रीडा आणि रंजन यांच्यात भेद करण्याची या प्रदेशाची रीतही नव्हे. झाडीपट्टीत दिवसा बैलांच्या शर्यतींचा शंकरपट भरतो आणि त्याच रात्री त्याच गावात नाटकाचा पडदा वर जातो. पटाच्या दाणीवर आणि नाटकाच्या मंडपात एकच प्रेक्षक असतो, आणि दुसऱ्या वर्षी पाळण्यात नाव घालणाराही तोच.

तेंडुलकरांचे नव्व्याण्णवावे आंतरराष्ट्रीय शतक १२ मार्च २०११ रोजी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नागपूरजवळच्या जामठा मैदानावर झाले. भंडाऱ्याहून हे मैदान सकाळी निघून संध्याकाळी परतण्याच्या अंतरावर. शंभरावे शतक वर्षभर हुलकावणी देत राहिले आणि अखेर १६ मार्च २०१२ रोजी ढाक्यातील मीरपूर येथे झाले. कोमिल्ला तेथून सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे. दोन्ही सामन्यांत भारताचा पराभव झाला म्हणून या तारखा स्मरणरंजनात फारशा निघत नाहीत. पण नावाच्या प्रवासाच्या दृष्टीने पाहिले तर एक शतक वैनगंगेच्या या मुलखाच्या उंबरठ्याशी आणि पुढचे त्या नावाच्या जन्मभूमीच्या अंगणात झाले, हे मी विसरू शकत नाही. त्याआधीच, २००५ मध्ये, सचिन खेडेकर या मराठी नटाने श्याम बेनेगलांच्या चित्रपटात नेताजी सुभाषचंद्र बोसांची भूमिका करून बंगालचे हे ऋण आपल्या परीने फेडले होते.

जुनी रजिस्टरे आता जीर्ण झाली आहेत. जातीच्या दाखल्यासाठी नोंदीची नक्कल काढून देण्यापलीकडे त्यांचा कोणी विचार करीत नाही. जिल्ह्यातील मुख्याध्यापकांना आणि झाडीबोलीच्या अभ्यासकांना माझी विनंती आहे की त्यांतील नावांचा रकाना तालुकावार उतरवून काढावा. आणि ज्या वाचकाच्या घरी एखादा सचिन असेल त्याने ते नाव कोणी सुचविले, कोणाच्या प्रेमाने सुचविले, हे त्या आत्याला वा मामाला आजच विचारून लिहून ठेवावे.