प्रोटिएज-सक्रियित ग्राही

प्रोटिएज-सक्रियित ग्राही हा पेशीपटलावरील प्रथिनांचा एक लहान गट आहे. प्रथिनांचे विघटन करणाऱ्या विकरांमुळे, म्हणजेच प्रोटिएजांमुळे, हे ग्राही कार्यान्वित होतात. जी-प्रथिनांशी संलग्न असलेल्या ग्राहींच्या मोठ्या कुळात त्यांचा समावेश होतो. या कुळातील प्रथिनांची साखळी पेशीपटल सात वेळा ओलांडते. मानवात या ग्राहींचे पीएआर-१ ते पीएआर-४ असे चार प्रकार आढळतात.

शोध

थ्रॉम्बिन हे विकर रक्तातील फायब्रिनोजेनचे फायब्रिनमध्ये रूपांतर करते, हे पूर्वीपासून ज्ञात होते. मात्र तेच विकर बिंबाणूंना कसे उद्दीपित करते, याचा उलगडा झालेला नव्हता. १९९१ मध्ये अमेरिकेतील शॉन कॉफलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीएआर-१ या ग्राहीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

कार्यपद्धती

सामान्यतः संप्रेरकासारखा एखादा रेणू बाहेरून येऊन ग्राहीशी जोडला जातो आणि तो सुटला की संदेश थांबतो. येथे मात्र संदेश देणारा घटक ग्राहीतच दडलेला असतो. थ्रॉम्बिन हे पीएआर-१ च्या पेशीबाहेरील भागातील ४१ व्या (आर्जिनीन) व ४२ व्या (सेरीन) अमिनो आम्लांमधील बंध तोडते. त्यामुळे उघडे पडलेले नवे टोक वळून त्याच ग्राहीला बद्ध होते व पेशीच्या आतील जी-प्रथिने सक्रिय होतात. या टोकाच्या क्रमानुसार कृत्रिमरीत्या तयार केलेली सहा अमिनो आम्लांची साखळी थ्रॉम्बिनविनाही ग्राहीस उद्दीपित करते.

तुटलेला बंध पुन्हा सांधला जात नाही. म्हणून प्रत्येक ग्राही एकदाच वापरता येतो. त्यानंतर तो पेशीत ओढला जाऊन मुख्यत्वे लयकारिकांमध्ये नष्ट होतो.

प्रकार व कार्य

पीएआर-१, ३ व ४ यांच्यावर थ्रॉम्बिनची क्रिया होते. पीएआर-२ हा ट्रिप्सिन व मास्ट पेशींतील ट्रिप्टेज यांमुळे सक्रिय होतो. दाह व वेदना यांच्याशी त्याचा संबंध आहे. मानवी बिंबाणूंवर पीएआर-१ व ४, तर उंदराच्या बिंबाणूंवर पीएआर-३ व ४ असतात. त्यामुळे उंदरांवरील प्रयोगांचे निष्कर्ष मानवास जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

वैद्यकीय महत्त्व

पीएआर-१ ला अवरोध करणाऱ्या व्होरापॅक्सार या औषधास अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांत रक्ताच्या गुठळ्यांमुळे उद्भवणारे धोके ते कमी करते. परंतु जखमेतील रक्तस्राव थांबवण्यासाठीही शरीर हाच मार्ग वापरत असल्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पूर्वी पक्षाघात किंवा मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांसाठी हे औषध निषिद्ध आहे.