हार्ड डिस्कच्या जागी

डेस्कटॉपमध्ये बसवायची अडीच इंची एसएसडी उघडून पाहिली, तर बऱ्याचदा आत फारसे काही सापडत नाही. बोटभर लांबीचा एक सर्किट बोर्ड, त्यावर दोन-चार काळ्या चिप्स आणि बाकी सगळी पोकळी. एवढ्याशा ऐवजाला १०० मिमी लांब आणि जवळपास ७० मिमी रुंद डबी कशाला? तर ही मापे मुळात एसएसडीची नव्हेतच. ती लॅपटॉपच्या हार्ड डिस्कची आहेत. नव्या पाहुण्याने जुन्याच्या मापाचा अंगरखा घातला, म्हणून तर आज चार स्क्रू काढून अर्ध्या तासात अदलाबदल करता येते.

हे वेषांतर एसएसडीने सुरू केलेले नाही. हार्ड डिस्क स्वतःही अशीच घरात शिरली होती.

पहिली हार्ड डिस्क मात्र कोणाच्या मापात मावण्याच्या पलीकडची होती. सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएमने ‘३०५ रॅमॅक’ ही यंत्रणा जाहीर केली. तिच्यातली ३५० क्रमांकाची डिस्क कॅलिफोर्नियातील सॅन होजे इथे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूने घडवली होती. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, मिनिटाला १,२०० फेरे, वजन सुमारे एक टन. साठवण ५० लाख अक्षरांची, आजच्या हिशेबात पावणेचार एमबी. मोबाइलवर काढलेला एखादा मोठा फोटोही तिच्यात मावला नसता! अख्ख्या यंत्रणेचे भाडे महिन्याला ३,२०० डॉलर होते आणि कंपन्या ते आनंदाने भरत, कारण कार्डांचे गठ्ठे चाळण्याऐवजी हवी ती नोंद सेकंदभरात हाती येई.

आयबीएममध्ये त्या काळी काम करणारे अ‍ॅल शुगार्ट पुढे सीगेटचे एक संस्थापक झाले. १९८० मध्ये सीगेटने एसटी-५०६ ही ५ एमबीची डिस्क दीड हजार डॉलरला आणली. तिची करामत क्षमतेत नव्हती, आकारात होती: ती हुबेहूब सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हच्या मापाची होती. संगणक बनवणाऱ्याने फ्लॉपी काढायची आणि त्याच खाचेत डिस्क सरकवायची. १९८३ च्या आयबीएम पीसी-एक्सटीमध्ये १० एमबीची डिस्क आली, तेव्हा ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे फ्लॉपींनी आधीच अडवली होती. नवीन डिस्कच्या वाट्याला ‘सी’ आले. फ्लॉपी केव्हाच हद्दपार झाली, पण एसएसडी टाकलेल्या मशिनवरही विंडोज ‘सी ड्राइव्ह’मध्येच नांदते.

पुढच्या तीस वर्षांत हार्ड डिस्कची क्षमता लाखो पटींनी वाढली. वेग मात्र अडला. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी पहिली डिस्क, सीगेटची बाराकुडा, १९९२ ची. आजच्याही बऱ्याच डेस्कटॉप डिस्क त्याच गतीने फिरतात. हवी असलेली जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे चार मिलिसेकंद. त्याआधी ते टोक धरणारा आर्म योग्य पट्ट्यावर न्यायला आणखी आठ-नऊ. सेकंदाला अशा ऐंशीएक जागा गाठल्या की डिस्क दमली. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर हे चालून जाते. विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक फाइली इकडून तिकडून गोळा कराव्या लागतात, तिथे प्रोसेसर कितीही तेज असो, तो हात बांधून बसतो. ‘पीसी हँग होतो’ या तक्रारीमागे अनेकदा एवढेच कारण असते. एसएसडीला तेच काम करायला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा लागतो.

एसएसडीचा जीव असलेली फ्लॅश मेमरी तोशिबातील फुजिओ मासुओका यांची. १९८४ मध्ये त्यांनी ती जगापुढे मांडली, १९८७ मध्ये तिचा ‘नँड’ हा स्वस्त प्रकार आणला. तोशिबाला तिचे मोल उशिरा कळले, इंटेलला लगेच. इंटेलने १९८८ मध्ये फ्लॅश चिप बाजारात आणली आणि तिच्या तंत्रज्ञानाच्या सहसंशोधकांत पुण्यात जन्मलेले विनोद धाम होते. पुढे ‘पेंटियमचे जनक’ म्हणून गाजले तेच. मासुओकांना मात्र मोबदल्यासाठी तोशिबाला कोर्टात खेचावे लागले आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. ज्या शोधावर अख्खा उद्योग उभा राहिला, त्याच्या मानाने ही रक्कम चिल्लरच म्हणायची.

नँड फ्लॅश स्वभावाने हार्ड डिस्कपेक्षा अगदी वेगळी. तिच्यात लिहिलेल्यावर पुन्हा लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि पुसण्यालाही मर्यादा असते. म्हणून एसएसडीतला कंट्रोलर संगणकाला थाप मारतो. ‘अमुक क्रमांकाच्या सेक्टरवर लिही’ म्हटले की तो ‘लिहिले’ म्हणतो आणि प्रत्यक्षात मजकूर भलतीकडेच, मोकळ्या जागी ठेवून वहीत नोंद करतो.

ही थाप सुरुवातीच्या काळात अंगाशीही आली. विंडोज एक्सपी पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करी, कारण जुन्या डिस्कच्या हिशेबात एका पट्ट्यावर ६३ सेक्टर धरलेले असत. एका सेक्टरचे ५१२ बाइट, म्हणजे सुरुवात साडेएकतीस केबीवर. तिला चार केबीने भाग जात नाही. परिणामी चार केबीचा प्रत्येक तुकडा फ्लॅशच्या दोन पानांवर विभागून पडे आणि एका लिखाणाची दोन होत. जुनी डिस्क ‘घोस्ट’सारख्या क्लोनिंग सॉफ्टवेअरने जशीच्या तशी एसएसडीवर उतरवली की हा दोषही सोबत येई. व्हिस्टापासून पार्टिशन एक एमबीवर सुरू होऊ लागले आणि हा घोळ मिटला. नको असलेल्या मजकुराची खबर एसएसडीला देणारी ‘ट्रिम’ ही आज्ञा विंडोज ७ मध्ये, २००९ साली आली.

इंटेलने २००८ मध्ये ८० जीबीची एक्स२५-एम आणली तेव्हा ठोक भावातही तिला ५९५ डॉलर पडत. हौशी मंडळींपलीकडे ती कोण घेणार? तेवढ्यात २०११ च्या शेवटी थायलंडमध्ये महापूर आला. अयुथयाजवळचे वेस्टर्न डिजिटलचे कारखाने पाण्याखाली गेले आणि हार्ड डिस्कचे भाव काही आठवड्यांत जवळपास दुप्पट झाले. इकडे फ्लॅश दरवर्षी स्वस्त होतच होती. मुंबईत संगणकाच्या सामानाचा बाजार असलेल्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, ‘रॅम वाढवा’ हा जुना सल्ला मागे पडून ‘एसएसडी टाकून घ्या’ हा नवा सल्ला रूढ झाला तो यानंतरच्या वर्षांत. सल्ला खरा होता. सेकंदाला ३०० एमबीचीच वाट असलेल्या जुन्या मदरबोर्डवरही फरक लगेच जाणवतो, कारण मुख्य फायदा वाट पाहणे टळण्याचा आहे.

नव्या मशिनमध्ये वेषांतर संपले आहे. एम-डॉट-टू एसएसडी उघड्या पट्टीच्या रूपात थेट मदरबोर्डवर बसते आणि एनव्हीएमई ही फ्लॅशसाठीच बांधलेली भाषा बोलते. गंमत म्हणजे, जिथे फ्लॅश जन्मली त्या तोशिबाने २०१८ मध्ये आपला फ्लॅशचा धंदा विकला. हार्ड डिस्कचा ठेवला.

घरचा जुना डेस्कटॉप अजून चालत असेल, तर हा बदल जरूर करावा. मात्र क्लोन झाल्यावर जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नये. झिजलेली एसएसडी विजेविना पडून राहिली तर काळाच्या ओघात मजकूर गमावू शकते, हार्ड डिस्क या बाबतीत जास्त चिवट. महिनाभर सगळे नीट चालले की जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून फोटो आणि कागदपत्रांच्या बॅकअपला लावावी. भंगारात द्यायचीच असेल, तर आधी पूर्ण पुसून मगच द्यावी.